कोरड्या भागातल्या गावाची हवा: थंडीतला धूर, उन्हाळ्यातली माती आणि मधला पाऊस

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाव निमशुष्क भागात आहे, लोकवस्ती मध्यम, मोठा कारखाना एकही नाही, तरी थंडीत सकाळी आणि उन्हाळ्यात दुपारनंतर हवेचा मीटर लाल दाखवतो, मग हे हवामानामुळे होतंय का माणसांमुळे, आणि कुठल्या ऋतूत जास्त जपायचं.

मी बरीच वर्षं हवेची मोजणी आणि त्या आकड्यांचं वाचन हेच काम करतोय, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, पण आधी सरळ उत्तर देतो. थंडीतला लाल आणि उन्हाळ्यातला लाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंडीत तुमच्या छातीत जातो तो मुख्यतः धूर आणि उन्हाळ्यात जाते ती मुख्यतः माती. मीटरवर रंग एकच दिसतो म्हणून लोक दोन्हीला ‘प्रदूषण वाढलं’ म्हणतात आणि दोन्हीवर एकच उपाय शोधत बसतात, तिथेच घोळ होतो. आणि हवामान का माणूस, तर धूर करतो माणूस, तो कोंडून ठेवतं हवामान; माती उडवतो वारा, पण ती उडण्यासारखी मोकळी बऱ्याचदा माणसाने केलेली असते.

निमशुष्क म्हणजे वाळवंट नाही हे आधी लक्षात घ्या. वर्षभरात पडणारा पाऊस भागिले ऊन-वाऱ्याने उडून जाऊ शकेल तेवढं पाणी, हे उत्तर ०.२ ते ०.५ च्या मधे आलं की तो भाग निमशुष्क धरतात. म्हणजे पाऊस पडतो, शेती होते, गवत उगवतं, जनावरं असतात, माणसं दाटीने राहतात, आणि तरीही वर्षातले बरेच महिने जमीन उघडी आणि कोरडी. माझ्या मते हवेच्या दृष्टीने हा प्रकार खऱ्या वाळवंटापेक्षा अवघड आहे, कारण वाळवंटात बऱ्याच ठिकाणी वरची बारीक माती कधीच उडून गेलेली असते आणि खाली दगडगोटे नाहीतर जड वाळू उरते, पण इथे नांगरलेली, चाकाखाली भरडलेली, जनावरांनी तुडवलेली ताजी माती दरवर्षी नव्याने तयार होते.

आता थंडी. आकाश निरभ्र, हवेत बाष्प कमी, त्यामुळे सूर्य मावळला की जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते, तिला अडवायला ना ढग असतात ना ओलावा. कोरड्या भागात दिवस आणि रात्रीच्या तापमानात १५-२० अंशांचा फरक पडतो तो यामुळेच. जमीन गार पडते, तिला चिकटून असलेली हवा गार होते, वरची हवा मात्र अजून कोमट असते, आणि गार हवा जड म्हणून ती खालीच बसून राहते. यालाच इन्व्हर्शन म्हणतात. हवा वर-खाली घुसळली जाते ती किती उंचीपर्यंत याला आम्ही मिक्सिंग हाइट म्हणतो, आणि या एका आकड्यात अर्धी गोष्ट आली. उन्हाळ्याच्या दुपारी कोरड्या भागात ही उंची २ ते ४ किलोमीटर असते. थंडीतल्या शांत रात्री तीच १०० मीटरच्या आसपास येते, कधी त्याहूनही खाली. म्हणजे खोलीचं छत ३ किलोमीटरवरून १०० मीटरवर उतरलं असं समजा, चुली तेवढ्याच, गाड्या तेवढ्याच, कचरा तेवढाच जळतोय, पण धूर मावायला जागा तिसाव्या हिश्श्याची. प्रत्यक्षात आकडा ३० पट चढत नाही, कारण रात्री गाड्या कमी असतात, थोडी झुळूक असते, काही कण खाली बसतात, पण दुपारच्या तीन-चार पट सहज जातो, आणि थंडीत तर जाळणंही वाढलेलं असतं, शेकोट्या, पाणी तापवणं, पालापाचोळा, सगळं एकदम.

म्हणून थंडीत दिवसभरात दोन शिखरं दिसतात. एक संध्याकाळी ७ ते ११ च्या दरम्यान, ते समजायला सोपं आहे, जाळणं सुरू आणि हवा बसत चाललेली. दुसरं सकाळी ८ ते १० च्या सुमारास, आणि इथे लोक फसतात. त्यांना वाटतं ऊन आलं म्हणजे हवा साफ झाली. होतं उलटं. रात्रभर थोडा वरच्या थरात अडकून राहिलेला धूर, उन्हाने जमीन तापून हवा हलायला लागली की आधी खाली ओढला जातो, मग तासा-दीड तासाने वर निघून जातो. त्यात सकाळची वाहतूक मिसळते. फिरायला जाणारे बरेच लोक नेमकी हीच वेळ धरतात, ऊन कोवळं असतं म्हणून, आणि दिवसभरातली सगळ्यात घाण हवा घेऊन घरी येतात. थंडीत फिरायचं असेल तर ११ नंतर जा, किंवा दुपारी ३-४ ला, तेव्हा हवा खरंच बरी असते.

गाव वाटीसारख्या खोलगट जागेत असेल तर हे अजून बिघडतं, कारण डोंगरउतारावरची गार हवा रात्री घरंगळत खाली येते आणि तळाशी साचते. अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी याचं अभ्यासलेलं उदाहरण आहे, डोंगरांच्या मधे, कोरडं, आणि थंडीत तिथे अशी गार हवा काही दिवस, कधी आठवडाभर हलत नाही, जमिनीवर बर्फ असेल तर ऊन परतून जातं आणि दुपारीसुद्धा छत वर जात नाही. तेहरानमध्येही हाच खेळ, थंडीत हवा बसली की शाळा बंद ठेवायची वेळ येते. या दोन्ही ठिकाणी लाखो गाड्या आहेत हे खरं, पण लहान गाव म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. मंगोलियातलं उलानबातर घ्या. तिथल्या हिवाळी हवेचं मुख्य कारण गाड्याही नव्हत्या आणि कारखानेही नव्हते, शहराभोवतीच्या वस्त्यांमधल्या घरगुती चुलींत जळणारा कच्चा कोळसा होता, आणि २०१९ मध्ये सरकारला त्या कोळशावर बंदी घालावी लागली. कमी उंचीवर सुटणारा धूर हा उंच चिमणीच्या धुरापेक्षा वाईट, कारण तो छताच्या आतच सुटतो. उंच चिमणी निदान बऱ्याच वेळा छताच्या वर तोंड काढून असते.

थंडीतलं अजून एक कारण फारसं कोणी सांगत नाही. गोठ्यातून आणि खतातून अमोनिया सुटतो, गाड्यांतून आणि जाळण्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, त्यांचं नायट्रिक अॅसिड होतं, आणि दोन्ही मिळून अमोनियम नायट्रेट नावाचे अतिबारीक घन कण बनतात. हे कण गारव्यात आणि ओलाव्यात टिकतात, उन्हाळ्यात उष्णतेने परत वायू होऊन जातात. म्हणून तोच गोठा आणि तीच गाडी थंडीत पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढवतात आणि उन्हाळ्यात त्याचा पत्ताही लागत नाही. धूर कुठेच दिसत नाही तरी आकडा वर, असं होतं तेव्हा मला आधी याचा संशय येतो.

आता उन्हाळा, म्हणजे कोरडा गरम काळ. छत उंच आहे, धूर वर निघून जातोय, मग आकडा का चढतो, तर वारा. पण वारा आला की धूळ उडाली इतकं साधं ते नाही. साधारण ताशी २०-२५ किलोमीटरच्या खाली वारा असेल तर उघड्या जमिनीवरूनही फार काही उठत नाही. त्याच्या वर गेला की आधी हलतात ते वाळूचे कण, ०.१ मिलिमीटरच्या आसपासचे, कारण त्याहून जाड कण जड पडतात आणि त्याहून बारीक कण एकमेकांना चिकटून बसलेले असतात. हे वाळूचे कण टणाटण उड्या मारत जातात आणि पडतील तिथे आपटून बारीक माती मोकळी करतात, आणि ती बारीक माती मग वर जाते. शिवाय उंबरठा ओलांडला की धूळ वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते, म्हणजे वारा दुप्पट तर धूळ आठपटीच्या आसपास. म्हणूनच उन्हाळ्यातले तीस दिवस ठीकठाक आणि दोन दिवस भयंकर असं दिसतं, आणि महिन्याची सरासरी ही त्या दोन दिवसांची गोष्ट असते.

न छेडलेली जमीन असते ना, तिच्यावर एक पातळ कवच असतं, काही पावसाने बसलेलं, काही शेवाळ-बुरशी-जिवाणूंनी बांधलेलं. हे कवच शाबूत असेल तर बऱ्यापैकी जोराचा वाराही माती उचलू शकत नाही. एक ट्रक त्यावरून गेला, एक कळप गेला, प्लॉट पाडायला एकदा जेसीबी फिरला की कवच फुटलं आणि ते परत बांधलं जायला वर्षानुवर्षं लागतात. गावाच्या कडेला पाडलेले आणि वर्षानुवर्षं मोकळे पडलेले प्लॉट, कच्चे रस्ते, खडी आणि वाळूचे उघडे ढीग, आटलेल्या तलावाचा तळ, हे माझ्या अनुभवात लांबच्या वाळवंटापेक्षा जास्त धूळ गावात आणतात, कारण ते जवळ आहेत आणि रोज छेडले जातात.

तलावाच्या तळाबद्दल थोडं थांबून सांगतो. पाणी आटलं की खाली राहतो तो गाळ सगळ्यात बारीक असतो, त्यात क्षार असतात, आणि वर झाडोरा काही नसतो. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स तलावाचं पाणी १९१३ पासून लॉस एंजेलिस शहराकडे वळवलं, १९२० च्या दशकात तलाव आटला, आणि पुढे कित्येक दशकं तो अमेरिकेतला पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, सगळ्यात मोठा एकटा स्रोत होता. शेवटी त्याच शहराला तिथे उथळ पाणी पसरावं लागलं, खारं गवत लावावं लागलं, काही भागावर खडी अंथरावी लागली, आणि हे काम प्रचंड खर्चाचं ठरलं. मध्य आशियातल्या आटलेल्या अरल समुद्राची गोष्ट तर याहून मोठी आहे. चाड देशातला बोदेले नावाचा खोलगट भाग जगातल्या सगळ्यात धुळकट जागांपैकी एक धरला जातो, तोसुद्धा जुन्या महातलावाचा तळच आहे. म्हणून गावाजवळचा तलाव आटत असेल तर तो हवेचाही प्रश्न आहे, आणि हे गावातल्या लोकांनी आत्ताच बोलायला हवं, तळ उघडा पडल्यावर नाही.

उन्हाळ्यात धुळीची वेळ दुपारी असते त्यालाही कारण आहे. रात्री जमिनीजवळ वारा पडतो, पण वर काही शे मीटरवर तो जोरात वाहत असतो, कारण खालच्या घर्षणापासून तो सुटलेला असतो. सकाळी जमीन तापून घुसळण सुरू झाली की तो वरचा जोर खाली उतरतो. त्यामुळे वारा सकाळी १० नंतर उठतो आणि दुपारी टिपेला जातो. उन्हाळ्यात फिरायची वेळ म्हणून पहाटेची, थंडीच्या अगदी उलट. आणि दुपारी दुसरंही एक संकट असतं, ओझोन. तो कुठल्या चिमणीतून येत नाही, गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, झाडं यांच्यातून उडणारे वायू यांच्यावर कडक ऊन पडलं की हवेतच तयार होतो. दिसत नाही, स्वस्त मीटरवर येतही नाही. आणि गंमत म्हणजे भर चौकापेक्षा गावाबाहेर वाऱ्याच्या दिशेला तो जास्त सापडतो, कारण चौकात गाडीतून ताजा निघणारा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. एरवी झाडांची पानं श्वासरंध्रांवाटे बराच ओझोन शोषतात, पण दुष्काळात पानं ती रंध्रं मिटून घेतात, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात तो हवेत अजून टिकतो. उन्हाळ्यात दुपारी मुलांना मैदानावर पळवू नका असं मी म्हणतो ते फक्त उन्हामुळे नाही.

मग पाऊस. सगळ्यांना वाटतं पावसाने हवा धुतली. अर्धं खरं आहे. पावसाचा थेंब जाड धूळ चांगली खाली आणतो, पण ०.१ ते १ मायक्रॉनचे कण, म्हणजे नेमके धुरातले कण, थेंबाच्या वाटेतून बाजूला सरकून निसटतात. पावसाचं खरं मोठं काम जमिनीवर आहे, माती ओली केली की ती उठत नाही. पण निमशुष्क भागात हलकी सर पडली तर वरचं कवच एक-दोन दिवसांत परत सुकतं, आणि मग पाऊस पडला तरी धूळ कशी असा प्रश्न येतो. लागोपाठ पडलेला पाऊस आणि त्यानंतर उगवलेलं गवत, हे दोन मिळून हवा साफ करतात, आणि त्यातही गवताचा वाटा मी मोठा धरतो. गवत वाऱ्याला जमिनीपर्यंत पोहोचूच देत नाही.

पावसाआधीचा काळ मात्र सगळ्यात धोक्याचा. कोरड्या भागात ढगाखालची हवा इतकी सुकी असते की पावसाचा बराच भाग जमिनीवर पोहोचायच्या आतच वाफ होतो. वाफ होताना तो हवेतली उष्णता घेतो, हवा एकदम गार आणि जड होते आणि धाडकन खाली कोसळते, मग जमिनीवर आपटून चहूबाजूंनी पसरते, आणि तिच्यापुढे मातीची भिंत चालत येते. ५ जुलै २०११ ला अमेरिकेतल्या फिनिक्स शहरावर अशी भिंत आली, साधारण दीड किलोमीटर उंच आणि शंभराहून जास्त किलोमीटर रुंद. राजस्थान आणि उत्तर प्रदेशात २ मे २०१८ च्या रात्री आलेल्या वादळात शंभरावर माणसं गेली, बहुतेक भिंती आणि झाडं पडून. क्षितिजावर तपकिरी पट्टा दिसला की तुमच्या हातात काही मिनिटं असतात. गाडीत असाल तर रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्या, थांबा, आणि दिवे बंद ठेवा, कारण मागचा माणूस तुमचे मागचे दिवे बघून रस्ता तिथेच आहे असं समजून येऊन धडकतो. वादळ गेल्यावर जाड माती लवकर बसते, १० मायक्रॉनचा मातीचा कण शांत हवेत तासाला २५-३० मीटर खाली येतो, पण १ मायक्रॉनचा कण तासाला जेमतेम एक फूट, म्हणून आकाश निवळल्यासारखं दिसलं तरी पुढचा दिवस-दोन दिवस दम्याच्या माणसाने घरातच थांबलेलं बरं.

इथे एक सावधगिरी. मी थंडी-उन्हाळा-पाऊस असा क्रम धरून लिहितोय, पण तो सगळीकडे असा नसतो. पश्चिम आफ्रिकेत साहेलच्या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च हरमॅटन वाहतो, सहाराकडून येणारा कोरडा वारा, म्हणजे तिथे थंडीच धुळीची. त्याच कोरड्या धुळीच्या महिन्यांत तिथे मेंदूज्वराच्या साथी येतात आणि पाऊस लागला की ओसरतात. तेहरानकडे पाऊस थंडीत पडतो, तिथे पावसाचा एक दिवस म्हणजे कोंडलेल्या हवेतून सुटका. त्यामुळे महिन्याचं नाव पाठ करू नका, वारा आहे का, जमीन ओली आहे का, आणि रात्री हवा बसतेय का, हे तीन बघा.

हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. मीटर पीएम २.५ आणि पीएम १० दोन्ही दाखवत असेल तर पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ०.६-०.८ आलं तर धूर, म्हणजे जाळणं शोधा. ०.२-०.३ आलं तर माती, म्हणजे वारा आणि उघडी जमीन शोधा. मधलं आलं तर दोन्ही. मी कुठल्याही गावाचा डेटा हातात आला की आधी हेच गुणोत्तर तासाप्रमाणे मांडतो, मग बाकीचं. पण इथे एक अडचण आहे आणि ती नीट समजून घ्या, घरी बसवतात ते स्वस्त लेझर सेन्सर जाड धूळ नीट मोजतच नाहीत. ते प्रकाशाच्या विखुरण्यावरून अंदाज बांधतात, बारीक कणांवर ते बऱ्यापैकी चालतात, पण पीएम १० चा आकडा बराचसा त्यांनी पीएम २.५ वरून हिशोबाने काढलेला असतो, त्यामुळे भर धुळीच्या वादळातही ते ‘मध्यम’ दाखवू शकतात. डोळ्यांना समोरचा डोंगर दिसत नाही आणि मीटर पिवळा, तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. उलट पावसाळी दमट सकाळी किंवा धुक्यात कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सर आकडा वाढवून सांगतो. सरकारी केंद्रांवरच्या बीटा किरणांच्या यंत्रात आत येणारी हवा आधी तापवून सुकवतात, म्हणून तिथला आकडा अशा दिवशी जास्त भरवशाचा. गुणोत्तर काढायचं तर ते अशाच यंत्राच्या आकड्यांवर काढा, घरच्या मीटरवर फक्त थंडीतले चढउतार बघा.

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो ती. धूळ वाढली की अधिकारी सांगतात, नैसर्गिक आहे, कोरडा भाग आहे, काय करणार. नियमांतही त्याला जागा आहे. युरोपियन युनियनच्या नियमात नैसर्गिक स्रोतांचा वाटा आकड्यातून वजा करता येतो, अमेरिकेत धुळीच्या वादळाचा दिवस ‘अपवादात्मक घटना’ म्हणून हिशोबातून काढायची सोय आहे. वादळ खरंच लांबून आलं असेल तर हे ठीक आहे. पण जगातल्या धुळीचा साधारण चौथा हिस्सा माणसाने छेडलेल्या जमिनीतून येतो असा अंदाज आहे, आणि निमशुष्क गावाच्या आसपास तर हा वाटा याहून जास्त असणार हे जमीन बघूनच कळतं. शिवाय फुफ्फुसाला माती नैसर्गिक आहे का नाही हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा पीएम १० साठी २४ तासांना ४५ आणि पीएम २.५ साठी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, आणि त्यात वाळवंटी धुळीला वेगळी सूट नाही, उलट अशा भागांनी काय करावं याच्या सूचना दिल्यात. कोरड्या अमेरिकी नैऋत्येत तर मातीतल्या कॉक्सिडिऑइड्स बुरशीमुळे व्हॅली फीव्हर नावाचा फुफ्फुसांचा आजार होतो. डिसेंबर १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळून उठलेल्या वादळाने ती बुरशी शेकडो किलोमीटर उत्तरेला नेली आणि जिथे हा आजार फारसा दिसत नव्हता तिथे रुग्ण सापडले. तेव्हा ‘नुसती माती आहे’ हे वाक्य मला कधीच पटत नाही.

उपायांचं म्हणाल तर, थंडीसाठी एकच मोठं काम, जाळणं कमी करा, आणि तेही संध्याकाळनंतरचं आधी. कचरा जाळायचाच नाही, पण पाचोळ्यासारखं जे काही काही केल्या थांबत नाही ते निदान दुपारी १ ते ४ मध्ये जळलं तर वर निघून जातं, तेच रात्री ८ ला जळलं तर सकाळपर्यंत तुमच्या उशाशी असतं. पाणी शिंपडून, झाडं लावून थंडीतला धूर कमी होत नाही, उगाच त्यावर पैसे घालवू नका.

उन्हाळ्यासाठी मातीवर काम. रस्त्यावर टँकरने पाणी मारणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात अल्पजीवी उपाय, कडक कोरड्या दुपारी तासाभरात रस्ता परत तसाच, आणि पाण्याची टंचाई असलेल्या भागात ते करणं मला बरोबरही वाटत नाही. त्यापेक्षा कच्च्या रस्त्यावर वेग कमी करा, धूळ जवळजवळ वेगाच्या प्रमाणात उडते, ४० वरून २० वर आलात तर निम्मी होते, आणि याला खर्च शून्य. ढीग झाकून ठेवा. मोकळ्या प्लॉटवर खडी नाहीतर स्थानिक गवत. झाडू कोरडा मारू नका, बसलेली माती परत उठते. वाऱ्याच्या दिशेला झाडांची रांग लावली तर तिच्या उंचीच्या १० ते २० पट अंतरापर्यंत मागे वारा मंदावतो, पण झाडं अशी निवडा की जी कोरड्या महिन्यांत पानं गाळत नाहीत, नाहीतर नेमक्या गरजेच्या वेळी नुसत्या काड्या उभ्या. झाडापेक्षाही जमिनीलगतचं गवत आणि झुडूप जास्त कामाचं, पण त्याचा फोटो चांगला येत नाही म्हणून कोणी लावत नाही.

घरात, थंडीत रात्री आणि सकाळी १० पर्यंत खिडक्या बंद, दुपारी सताड उघड्या. उन्हाळ्यात उलट, पहाटे उघड्या, वारा उठला की बंद. कूलर वापरत असाल तर तो बाहेरचीच हवा आत ओढतो, ओल्या जाळीत जाड माती थोडी अडकते पण धूर आणि बारीक धूळ सरळ आत येते, म्हणून वादळ असेल किंवा जवळ काही जळत असेल तेव्हा कूलर बंद ठेवा. मास्क घालायचा तर एन-९५, नाकाच्या कडेने फट न ठेवता, रुमाल जाड मातीपुरता ठीक, धुराला तो काहीच करत नाही.

शेवटचं, वर्षांची तुलना करताना. हवा या वर्षी सुधारली का हे नुसती सरासरी बघून सांगता येत नाही. चांगला पाऊस झाला तर पुढच्या कोरड्या काळात गवत टिकतं आणि धूळ कमी, पण तेच वाळलेलं गवत पेटलं तर धूर जास्त. पूर येऊन गेला असेल तर त्याने नदीकाठी नवा गाळ आणून टाकलेला असतो, तो सुकला की पुढच्या उन्हाळ्यात धुळीचा नवा स्रोत. लागोपाठ दोन दुष्काळी वर्षं असतील तर दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा बरंच वाईट, कारण पहिल्या वर्षी मेलेल्या गवताच्या मुळांनी माती धरून ठेवलेली असते, दुसऱ्या वर्षी तीही कुजून गेलेली असतात. म्हणून मी आकड्यांच्या शेजारी नेहमी आधीच्या वर्षीचा पाऊस आणि त्या महिन्यात ताशी २५ किलोमीटरच्या वर वारा गेलेले तास लिहून ठेवतो, आणि सारख्या पावसाच्या, सारख्या वाऱ्याच्या वर्षांचीच एकमेकांशी तुलना करतो. तुमच्याकडे दोन-तीन वर्षांचा डेटा असेल तर आधी थंडीतल्या शांत रात्री वेगळ्या काढा, त्यांच्यात वारा आणि पावसाची लुडबूड सगळ्यात कमी असते, आणि गावातलं जाळणं खरंच कमी झालं की नाही ते तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.